गोठ्याच्या दारानं

टेकवाडीत कुणाच्या मनगटाचं माप काय, हे त्या बाईच्या नवऱ्याला ठाऊक नसलं तरी गौहरला ठाऊक असायचं. आसराबाईचं सव्वादोन, तिची सून बेबीनंदाचं अडीचला जरा कमी, सरपंचाच्या आईचं पावणेतीन आणि तेही साबण लावून. राजूरच्या चतुर्थीला गौहर देवळाच्या रस्त्यावर बांगड्यांची पाटी मांडून बसायची. वरीसभरात गावात तिच्या हातून बांगडी न भरलेली बाई शोधायची म्हटली तर ती एक तर पाळण्यात असायची, नाही तर कालच लग्न होऊन आलेली. आणि कालच आलेली असली तर गौहर उद्या तिच्या दारात हजर असायची.

गावाची एक रीत होती. लेकीचं लग्न निघालं, की घरातली थोरली बाई खण-नारळ घेऊन गौहरच्या घरी जायची. गौहरची पाटी ती स्वतःच्या डोक्यावर घ्यायची आणि भर रस्त्यानं लग्नघरी आणायची. गौहर पुढं चालायची, मोकळ्या हातानं. त्या दिवशी तिच्या अंगात पाटीलकी शिरायची. रस्त्यात कुणाच्या ओट्यावर थांबून पाणी मागायची, कुणाच्या लेकराचा गालगुच्चा घ्यायची, आणि मागं डोक्यावर ओझं घेतलेली बाई ताटकळत उभी राहायची. कुणाला त्याचं वाईट वाटत नसे. नवरीच्या हातात पहिला हिरवा चुडा भरणारी बाई होती ती, एवढा रुबाब तिला शोभून दिसायचा.

त्यामुळं मार्गशीर्षात, ऐन लग्नसराईत, कापसाच्या दुसऱ्या वेचणीला गौहर रोज टोळीत येऊ लागली, तेव्हा आसराबाईच्या मनात पाल चुकचुकली. एरवी या दिवसांत गौहरला मान वर करायला सवड नसायची. वेचणी ती करायची, पण लग्नं उरकल्यावर.

"औंदा लग्नं कमी हायेत का गं?" आसराबाईनं पहिल्या दिवशी विचारलं होतं.

गौहर म्हणाली होती, कमी असतील. आणि कमरेला ओटी बांधून तिनं आपली पात धरली होती.

लग्नं काही कमी नव्हती. गावातच चार होती, आणि त्यातलं एक आसराबाईच्या नातीचं, प्रांजलीचं. पंधरा दिवसांवर आलेलं. आसराबाईला हे ठाऊक होतं, गौहरलाही ठाऊक होतं, आणि दोघी शेजारशेजारच्या ओळीत वाकून कापूस वेचत होत्या.

झालं होतं ते एवढंसं. बचत गटाच्या बायांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. त्यात कौसल्यानं एक मजकूर पुढं पाठवला होता. कौसल्या सगळंच पुढं पाठवायची. कांद्याचे फायदे, देवाचे फोटो, हरवलेलं पोर, सापडलेली म्हैस. वाचायचं नंतर, पाठवायचं आधी, असा तिचा खाक्या. त्या मजकुरात लिहिलं होतं, की लग्नसराईची खरेदी आपल्याच माणसांकडून करा, दुसऱ्यांच्या हातचं घेऊ नका. खाली आणखी दोन ओळी होत्या, त्या प्रांजलीनं आजीला वाचून दाखवल्या नाहीत. दोघीतिघींनी त्यावर हात जोडल्याची चित्रं टाकली. बाकीच्यांनी काहीच टाकलं नाही. भांडण नाही, बैठक नाही, शिवीगाळ नाही. उलट समोर आली की सगळ्या बाया गौहरशी जरा जास्तच गोड बोलायला लागल्या. फक्त खण-नारळ घेऊन तिच्या दारी कुणी गेलं नाही.

दुपारी लिंबाखाली सगळ्या जेवायला बसत. गौहरची लसणाची चटणी म्हणजे टोळीचा जीव की प्राण. दरसाल डबा उघडायच्या आधीच चार हात पुढं यायचे. या वर्षी कौसल्याला सोमवार होता. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मग एकीला चतुर्थी, एकीला नवस. टेकवाडीत एवढे उपास कधी पाहिले नव्हते कुणी. आसराबाई खायची, पण एके दिवशी सगळ्यांच्या नजरा भाकरीवर आहेत असं वाटून तीही दाढ दुखते म्हणाली. गौहरनं डब्याचं झाकण लावलं, आणि लवंग धर दाढेत म्हणून सांगितलं. घरी गेल्यावर तिनं नवऱ्याच्या, याकूबभाईच्या हाती लवंगा पाठवूनही दिल्या. त्या लवंगांची पुडी आसराबाईनं चुलीमागच्या कोनाड्यात ठेवली आणि दोन दिवस तिकडं पाहायचं टाळलं.

दोघींचं नातं चाळीसच्या वर वर्षांचं होतं. एकाच सालात दोघी नांदायला आल्या. आसराबाई धनगरांच्या घरात, मेंढरांच्या वासात. गौहर चुडेवाल्यांच्या घरात, काचांच्या खणखणाटात. गौहरची सासू तिला बांगडी भरायला शिकवत होती, आणि शिकायला मनगट हवं म्हणून आसराबाई रोज दुपारी जाऊन बसायची. पहिल्या आठवड्यात गौहरनं सात बांगड्या वाढवल्या. बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं, हेही आसराबाईनंच तिला शिकवलं. पुढं दोघींची बाळंतपणं, दुखणी, सुनांची गाऱ्हाणी, सगळं एकमेकींच्या ओट्यावर झालं. आसराबाई तिला गौहर म्हणायची आणि गौहर तिला आसरे. तिला आसरे म्हणणारी गावात दोनच माणसं उरली होती, एक ही आणि दुसरा तिचा नवरा राधाकिसन.

संध्याकाळी चहाच्या वेळी आसराबाईनं लेकाकडं विषय काढला. रामेश्वर मंडपवाल्याशी फोनवर बोलून नुकताच टेकला होता. चुड्याचं आवतण द्यायला उद्या जाते म्हणाली. तो कपाकडं बघत म्हणाला, की बांगड्यांचं त्यानं जाफराबादला सांगून टाकलंय, नवरीची सगळी पेटीच येणार आहे, गौहर मावशीला नको.

"कुनी काय म्हणलं का?" आसराबाईनं विचारलं.

"न्हाई ना. म्हणू नये म्हणून."

रामेश्वर वाईट नव्हता. विहिरीवरची जळालेली मोटार बांधायला याकूबभाईनंच त्याला शिकवलं होतं, आणि दहावीला नापास झाला तेव्हा बापाच्या भीतीनं तो दोन दिवस गौहरच्या घरीच राहिला होता. पण लग्न लेकीचं, सोयरे नवे, पंगतीला गाव. कुणी काही म्हणेल या धाकात त्यानं कुणी म्हणायच्या आधीच सगळं आवरून ठेवलं होतं. राधाकिसन दारात बसून मेंढीचं खूर साळत होता. त्यानं मान वर करून लेकाकडं पाहिलं आणि पुन्हा खुरात डोकं घातलं.

आसराबाईला तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तिला युक्ती सुचली, आणि ती सुचल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की वेचता वेचता ती स्वतःशीच हसली. बुधवारी रामेश्वर, बेबीनंदा आणि पाहुणेमंडळी पत्रिका ठेवायला राजूरच्या गणपतीला जाणार होती. घरी ती आणि प्रांजली. तेवढ्यात गौहरनं यावं, पोरीच्या हातात पाच-पाच बांगड्या भराव्यात. शकुन होईल, गौहरचं मन राहील, लेकाचंही राहील. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही.

तिनं ओळीतून सरकत जाऊन गौहरच्या कानाशी सगळं सांगितलं. गोठ्याच्या दारानं ये म्हणाली, तिकडून वर्दळ नसते. "अन् पाटी नको आनू. फडक्यात बांधून आन."

गौहरचा हात बोंडावर थांबला. वाळलेल्या बोंडाचं टोक तिच्या नखाशी रुतलं होतं, ते तिनं दातानं काढून टाकलं. मग कापूस ओटीत टाकला.

"बराबर हाये," ती म्हणाली. "येते."

तिला आनंद झाला असेल असं आसराबाईला वाटलं. माणूस स्वतःच्या चांगुलपणावर खूश असलं की त्याला समोरचा चेहरा दिसत नाही, तसं तिचं झालं होतं.

बुधवारी गौहर आली. धुतलेलं लुगडं, डोक्यावर नीट पदर, डोळ्यांत सुरमा. गोठ्यातल्या शेणामुतातून चपला हातात घेऊन ती आत आली. काखेत डब्याची पिशवी होती आणि पिशवीत टॉवेलात गुंडाळलेल्या बांगड्या. आसराबाईनं तिला सरकीच्या पोत्यावर बसवलं आणि समोर प्रांजली मांडी घालून बसली. पोरगी नर्सिंग शिकलेली, हसरी. तिनं लगेच डावा हात पुढं केला.

गौहरचे दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर होते. ते तसेच राहिले.

"हात धरू का, बाई?" तिनं विचारलं.

प्रांजलीला गंमत वाटली. ती हसून म्हणाली, धर ना आजी, न धरता कशा भरशील. पण गौहर हसली नाही. आसराबाई चौकटीला टेकून उभी होती. तिनं आजवर गौहरला कुणाचाही हात विचारून धरताना पाहिलं नव्हतं. ही बाई भर बाजारात पोलीस पाटलिणीचा हात ओढून घ्यायची आणि किती सुकलीस म्हणून तिला झापायची.

गौहरनं हात धरला. पंजा दाबला, अंगठ्याचं मूळ चाचपलं, पहिली बांगडी सरकवली, दुसरी सरकवली. तिसरी वाढली. तुकडा प्रांजलीच्या मनगटाला लागून रक्ताचा थेंब आला. कुणी काही बोलायच्या आत आसराबाई वाढली, वाढली म्हणत हळद आणायला धावली. प्रांजली म्हणाली, काही नाही झालं, मी रोज याच्याहून मोठं बघते. खरंच काही नव्हतं, हळद दाबताच थेंब थांबला. पण गौहर स्वतःच्या हाताकडं बघत होती. उजवा हात थरथरत होता. नवरीच्या हातावर तिची बांगडी कधी वाढली नव्हती.

तिनं त्या दोन बांगड्या अलगद उतरवल्या, टॉवेलात बांधल्या आणि उठली.

"आज हात चालत न्हाई, आसराबाई. तुमी पेटीतल्याच भरा."

आसराबाई आणि तुमी. एवढे दोन शब्द ठेवून ती आल्या दारानं निघून गेली. प्रांजली काचा वेचत बराच वेळ बसली होती. मग तिनं आजीला विचारलं, हात धरायला गौहर आजीनं मला का विचारलं? आसराबाईनं झाडू घेतला आणि झाडलेलीच जागा पुन्हा झाडली.

दुसऱ्या दिवशी वेचणीला गौहर आली. रागावली नव्हती. रागावली असती तर आसराबाईनं गंगेत घोडं न्हालं म्हटलं असतं. गौहरचा राग म्हणजे वळवाचा पाऊस, गडगडाट फार आणि अर्ध्या तासात ऊन. ही काही तशी नव्हती. अदबीनं बोलत होती. बसा म्हणत होती, घ्या म्हणत होती. त्या दिवशी टोळी आसराबाईच्याच रानात होती, तिनं मुद्दाम कुरापत काढली. गौहरच्या पातीत घुसून तिची चांगली टपोरी बोंडं वेचून घेतली. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर गौहरनं त्या बाईच्या माहेरापर्यंतचा उद्धार केला असता. गौहर बाजूला सरकली. "घ्या," म्हणाली, "तुमच्याच रानातला कापूस."

आसराबाईनं चोरलेला तो कापूस ओटीतून काढून पुन्हा गौहरच्या ओटीत टाकला. गौहरनं तोही घेतला. त्या दिवशी आसराबाईची कंबर भरून आली, आणि ती वाकण्यानं आलेली नाही हे तिला कळत होतं.

मग गौहर यायची बंद झाली. एक दिवस, दोन दिवस. लग्नाला आठ दिवस उरले होते. सकाळी याकूबभाई आला. राधाकिसन मेंढरं सोडायच्या तयारीत होता, दोघं ओट्यावर बसले. याकूब बोलायला आधीच कमी. त्यानं सावकाश सांगितलं, की गौहरचा उजवा हात थरथर कापून राह्यला, भाकरी थापता येत न्हाई. जाफराबादला नेलं होतं. डॉक्टरनं फोटो काढला, हाडं बरी, नसा बऱ्या, ताकदीच्या गोळ्या दिल्या. गौहर म्हणती काच विकून टाका, बांगड्याचं काम आता बस. त्यानं ओट्यावर पडलेली काडी उचलून तिचे दोन तुकडे केले.

"लागलंय काहीतरी," तो म्हणाला. "कुठं लागलंय ते दिसत न्हाई."

त्यानं कुणाला बोल लावला नाही. बेबीनंदानं चहा आणला तर आत्ताच घेतला म्हणाला आणि उठला. राधाकिसनच्या ओट्यावरून याकूब चहा न घेता गेला, असं कधी झालं नव्हतं. राधाकिसननं तो भरलेला कप उचलून बाजूला ठेवला. मग त्यानं बायकोला हाक मारली आणि विचारलं, तू काय केलंस?

आसराबाईनं सगळं सांगितलं. गोठा, टॉवेल, थेंब, काही लपवलं नाही. राधाकिसननं ऐकून घेतलं. त्याला बायकोवर ओरडायची सवय नव्हती, आताही तो ओरडला नाही.

"बोलावलंच नसतंस तर बरं झालं असतं, आसरे," तो म्हणाला. "लोकांनी तिला सोडलं व्हतं. तू तिला लपवलंस."

आसराबाई चुलीपुढं जाऊन बसली. चूल ऐकत असल्यासारखं ती मोठ्यानं स्वतःला बोल लावत राहिली. चाळीस वर्षांत तिनं गौहरला एक चापट मारली नव्हती. तरी तिनं जे केलं ते चापटीपेक्षा मोठं होतं, आणि त्यावर लावायला घरात हळदसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, गिरणीवर बायांची रांग असते त्या वेळेला, ती निघाली. ताटात खण, नारळ, वर रुमाल. रामेश्वर दारात आडवा आला. कुठं चाललीस म्हणाला. चुडेवालीला आणायला म्हणाली.

"आई, मी सांगितलं ना तुला."

"कुनीच उघड काय सांगितलं न्हाई, बाबा," आसराबाई म्हणाली. "सांगितलं असतं तर भांडता आलं असतं." आणि ती त्याच्या बाजूनं निघून गेली. तिच्या मागं प्रांजली दारात येऊन उभी राहिली आणि बापाकडं बघत राहिली, तेव्हा रामेश्वरनं खिशातला फोन काढून उगाच पाहिला.

गौहरच्या घरी तिला पाहून अंबरीन गडबडली. अंबरीन म्हणजे गौहरची सून. तिनं खुर्ची आणून पदरानं पुसली. गौहर बाजेवर बसली होती, उजवा हात डाव्यात धरून.

"बसा," ती म्हणाली.

या घरात आसराबाईसाठी कुणी खुर्ची पुसली नव्हती. ती नेहमी बाजेवर धपकन बसायची आणि गौहरला सरक म्हणायची. ती खुर्चीवर बसली नाही, खाली जमिनीवर बसली. ताट पुढं ठेवलं. म्हणाली, शिव्या दे मला.

गौहर म्हणाली, शिव्या कशाला देऊ. "तुमी काय केलं मला? कुनीच काय केलं न्हाई."

"मी केलं," आसराबाई म्हणाली. "मी तुला गोठ्याच्या दारानं बोलावलं. पाटी आनू नको म्हणलं."

गौहरचा चेहरा हलला. आधी हनुवटी हलली, मग सगळाच. अंबरीन पुढं आली तर गौहरनं तिला हातानंच मागं सारलं.

"मंग ऐक," ती म्हणाली. "त्या गटात मी बी हाये. हाये का न्हाई? सगळ्या इसरल्या. अंबरीन मला वाचून दावत व्हती, वाचता वाचता थांबली. म्हणली पुढं काय न्हाई अम्मी. मी म्हणलं वाच. पोरीनं रडत वाचलं. म्हणलं जाऊ दे, कौसल्या येडी हाये, कुनीतरी येईल अन् म्हणंल गौहर ते मनावर घेऊ नको. पंधरा दिस मी दाराकडं बघून राह्यले. कुनी न्हाई आलं. म्हणलं आसरा येईल. अन् तू आलीस, ते चोरावानी आलीस. चोरी केली का मी? कुनाच्या घरातलं काय नेलं का? तुझ्या नातीपुढं बसले अन् मला वाटलं, माझा हात घान हाये. खरंच वाटलं, आसरे. म्हणून इचारलं तिला. माझ्या हाताची मला लाज वाटली. कुनी मारलं असतं तर मी गावभर दावलं असतं, हे बघा इथं मारलं. आता काय दावू?"

ती आणखी खूप बोलली. आसराबाईच्या सासरचा, माहेरचा, तिच्या दाढेचा, कौसल्याच्या उपासांचा, रामेश्वरच्या दहावीचा, कशाचाच तिनं मुलाहिजा ठेवला नाही. काही मराठीत, काही त्यांच्या घरातल्या बोलीत, जे आसराबाईला निम्मं कळत होतं आणि निम्मं कळायची गरज नव्हती. आसराबाई मान खाली घालून ऐकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी तिला आत कुठंतरी सुटल्यासारखं वाटत होतं, कारण त्या सगळ्या शिव्या आसरेला होत्या, आसराबाईला नव्हत्या.

गौहर दम घ्यायला थांबली, तेव्हा आसराबाई उठली. कोपऱ्यात पाटी होती, वर कापड बांधलेलं. विकायला काढलेली. तिनं ती वाकून उचलली. साठीची मान, वेचणीनं आंबलेली कंबर. पाटी डोक्यावर बसताना ती एकदा हेलकावली. गौहर ओरडली, ठेव खाली, मी येणार न्हाई. आसराबाई चालू लागली. आतली काच खणखणत होती. मग गौहर चपला पायात सरकवत मागं आली, रीतीप्रमाणं पुढं नाही, मागंच, आणि सबंध रस्ता तिचं तोंड चालू होतं. सावकाश चाल, तुझ्या बापाची काच हाये का. डावीकडं खड्डा हाये, डोळे फुटले का.

गिरणीवरच्या रांगेतल्या बाया बघत राहिल्या. पिठानं केस पांढरे झालेली कौसल्या डबा धरून उभी होती. तिनं तोंड उघडलं, पण पाठवायला फोन हातात नव्हता. दोघीतिघी दळण तिथंच ठेवून मागून चालू लागल्या. एक जण म्हणाली, मला उशीर होतोय, आणि आत वळली.

दारात रामेश्वर उभा होता. आईच्या डोक्यावर पाटी आणि मागून येणारी गौहर पाहून त्याचे कान लाल झाले. तो पुढं झाला, आईच्या डोक्यावरची पाटी त्यानं दोन्ही हातांनी घेतली आणि हळूच म्हणाला, या मावशी. गौहरनं त्याला खालून वरपर्यंत पाहिलं.

"तुझ्या मापाच्या बी हायेत दोन," ती म्हणाली. "पर आधी पोरीला भरू दे."

ओट्यावर राधाकिसननं सतरंजी अंथरली. प्रांजली येऊन बसली. गौहरचा हात अजून थरथरत होता. दोन बांगड्या भरल्या की ती तो मांडीवर ठेवून थोडी थांबायची, मग पुन्हा. वेळ लागला. कुणी घाई केली नाही. एकही वाढली नाही. मग प्रांजलीनं वाकून नमस्कार केला आणि बेबीनंदानं हात पुढं केला.

गल्लीत बावीस घरं. नऊ घरांतल्या बाया आल्या. बाकीची दारं लोटलेली होती, त्यात कौसल्याचंही होतं. तिच्या मापाच्या सहा बांगड्या गौहरनं पाटीत कडेला काढून ठेवल्या होत्या. रस्त्याकडं तिनं दोनदा पाहिलं, आणि तिसऱ्यांदा पाहायच्या ऐवजी आसराबाईला बस म्हणाली.

आसराबाई शेवटची. गौहरनं तिचा हात ओढून घेतला, पंजा मिटवला आणि अंगठ्याचं मूळ इतकं दाबलं की आसराबाईनं ओठ आवळले. एवढं दाबायची गरज नव्हती. या मनगटावर ती डोळे मिटून बांगडी सरकवू शकली असती.

"दुखतं का?" गौहरनं विचारलं.

"न्हाई."

गौहरनं आणखी दाबलं.

"दुखतंय," आसराबाई म्हणाली.

"दुखू दे थोडं," गौहर म्हणाली, आणि तिनं पुढची बांगडी घेतली.